आईनं पाठवलेल्या दोन वाट्या

नईम, बहरीन
शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९८७

प्रिय मालू,

हे पत्र आधी एकटीनं वाच, मग आईला वाचून दाखव. का ते शेवटी सांगतो. लगेच खाली डोकावू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

रावजीकाका रजा संपवून काल आले. कुळथाचं पीठ, फणसाची साटं आणि दोन नव्याकोऱ्या स्टीलच्या वाट्या मिळाल्या. वाट्या बघून मी चक्रावलोच. मग आठवलं, दिवाळीच्या पत्रात मीच लिहिलं होतं, 'वाटी पार झिजली, आता नवीनच लागणार.' अगं, ती गुडघ्याची वाटी! तू घडाघडा वाचून दाखवलं असणार आणि आईला वाटलं, लेक परदेशात आमटीला मोताद झाला. बिचारीनं बोहारणीला चांगलं लुगडं घालून वाट्या घेतल्या म्हणे. खोलीतले सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, पण डोळ्यांत पाणी आलं.

मुहर्रकला विमानतळावर दिवसभर सामान घेऊन शिडीची चढ-उतार, वर शुक्रवारी मंडळाचं व्हॉलीबॉल. उतरताना वाटीमागे कळ यायची, बसून उठताना तर देव आठवायचे. कंपनी घरी पाठवील या भीतीनं इथं कुणाला बोललो नाही. खेळ सोडला आणि कामावरून आलो की नुसता शेक घेत पडून राहायचो. गुडघा होता तसाच, मांडीची मात्र काडी झाली.

शेवटी दवाखान्यात गेलो. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या मुनीराबाई इथल्याच, पण हिंदी फर्डं बोलतात. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, जिना उतरायला लावला आणि हसल्या. वाटी झिजलेली नाही की सरकलेली नाही. मांडीत जोर नाही आणि खेळ एकदम वाढवला, म्हणून तिच्यावर ताण येतो. पडून राहणं हे यावरचं औषध नव्हे. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा आकडे मोजायचे. भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली सरकायचं. किंचित दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर कमी करायचं. त्यांचं पालुपद एकच, 'शुवय शुवय', म्हणजे हळूहळू. मी एकदा उत्साहात दुप्पट व्यायाम केला, तर अशा ओरडल्या की आईच आठवली. तीन महिन्यांत मी परत मैदानावर आलो.

आता मुद्द्याचं. रावजीकाका सहज म्हणाले, मालू हल्ली देवळाच्या पायऱ्या कठडा धरून, आडवी होऊन उतरते. खो-खोला जात नाही, अभ्यास आहे म्हणते. तू आणि अभ्यास? मालू, मीही तसाच उतरत होतो गं. उकिडवं बसताना कळ येते ना? ऐकल्यापासून मला चैन नाही. मेमध्ये जिल्ह्याची निवड आहे. खेळ सोडू नकोस, थोडा कमी कर आणि व्यायाम आजच धर. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव. आणि माझ्यासारखी लपवत बसू नकोस, आईला तूच सांग, म्हणून तर पत्र आधी एकटीनं वाच म्हटलं. फक्त 'गुडघ्याची वाटी' असं नीट सांग, नाहीतर तिचं आणखी एक लुगडं बोहारणीकडे जायचं.

आता शिडी धडाधड उतरणारा,
तुझाच महादेवदादा