हॉटेलवाल्या बाईचा शेवट

प्रिय अहो,

काल तुमची शोकसभा झाली. मंडळाच्या हॉलमध्ये, एसी लावून. अध्यक्ष दातारांनी जाहीर केलं की तुमच्या आठवणीत दरवर्षी एक जुना हॉलिवूडचा सिनेमा दाखवायचा, आणि पहिला अर्थातच तुमचा लाडका, जहाजाचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तो सर्वश्रेष्ठ का, यावर दोन शब्द तुम्ही बोला." मी? इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं होतं? म्हणून आधी तुम्हालाच लिहितेय.

दिल्लीत आल्यापासून आपल्या घरात हा एकच वाद. जहाजाचा मोठा की हॉटेलचा? दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोन्ही तुम्हीच आणलेले. तुमच्यात कप्तान जहाजाबरोबर बुडतो. माझ्यात एक विधवा समुद्रकाठी हॉटेल चालवते. वाद तरी कसला, निकाल तुम्ही आधीच लावून ठेवलेला असायचा!

महाराष्ट्रातून पाहुणे आले की तुम्ही त्यांना पानिपतला, काला अंबचं युद्धस्मारक दाखवायला न्यायचात. तिथे हात जोडून गंभीर व्हायचात, आणि परतताना ढाब्यावर पराठे खाता खाता माझं पानिपत करायचात. "आमच्या हिला विचारा, जगातला थोर सिनेमा कोणता? उशांचे अभ्रे मोजणाऱ्या बाईचा!" पाहुणे हसायचे. मीही हसायचे आणि त्यांच्या पराठ्यावर लोणी घालायचे.

तुमचा तो कप्तान! हाताखालचा माणूस कानीकपाळी ओरडतोय, पुढे खडक आहेत, जहाज वळवा. याने ऐकलं नाही. सगळ्यांना घेऊन बुडाला आणि बुडताना सलाम ठोकला. तुम्ही दर वेळी रडायचात. मला त्या सलामाची चीड यायची. बुडणं सोपं असतं हो! माझ्या बाईला दुसऱ्या दिवशी उठून पाहुण्यांचा नाश्ता करायचा असतो. म्हणून माझा मोठा.

आणि तो तुम्ही पुरता पाहिला होतात का? एकदाही नाही. अर्ध्यावर बातम्या लावायचात.

काल निखिल बोलायला उभा राहिला. आपला मुलगा दिल्लीत वाढलेला, हिंदीत विचार करून मराठीत बोलणारा. पण खास तुमच्यासाठी मराठीतून बोलला. म्हणाला, "आईला सिनेमा कळावा म्हणून बाबांनी आयुष्यभर चेष्टा केली. खूप चेष्टा केली. कधी थकले नाहीत." त्याला हिंदीतली चेष्टा म्हणायची होती, म्हणजे प्रयत्न. शेजारचे खन्नाजी मान डोलावत होते. मराठी माणसं मात्र खाली बघायला लागली. दातारांना तर खोकलाच आला.

खाली बसल्यावर त्याने हळूच विचारलं, "आई, काही गलत बोललो का?"

"नाही रे, बिल्कुल बरोबर बोललास."

खरंच, तुमच्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यातलं आठवतं? दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही विचारलंत, "अगं, त्या हॉटेलवाल्या बाईचं शेवटी काय होतं?" आत्ता? मला भरून यायला हवं होतं, नाही का? "पाहायचा होतात तेव्हा," म्हणून मी तुमची चादर नीट केली. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायले, सावकाश. क्रूर वाटतं? वाटू दे. मला अजूनही वाईट वाटलेलं नाही.

आज सकाळी दातारांना फोन केला. पहिला सिनेमा हॉटेलचा लागेल, आणि दोन शब्द मी त्यावरच बोलणार आहे. ते "अहो, पण..." म्हणाले. मी फोन ठेवला.

तुम्हाला एक वचन देते. हार घातलेला तुमचा फोटो मी पहिल्या रांगेत, खुर्चीवर ठेवीन. या वेळी तुम्हाला अर्ध्यावर उठता येणार नाही. आणि शेवट जवळ आला की मी स्वतः तो फोटो उचलून बाहेर, चपलांपाशी नेऊन ठेवीन.

तुमची,
शालिनी