वर्ग दोनची इमारत

मी, धर्मपाल सखाराम नगराळे, वय सदुसष्ट, राहणार वणी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. इमारत घेताना असा दाखला कोणी मागितला नव्हता.

१. माझी मिळकत एकच: वणीतली सहा फ्लॅटची तीन मजली इमारत. २०१८ साली निवृत्तीच्या सगळ्या पैशांतून घेतली. ती घेण्यासारखी आहे का, हे मी दोन महिने तपासले. भर मे महिन्यात बोअरचे पाणी पाहिले. हातोड्याने प्रत्येक भिंत वाजवली. भाडेकरूंशी बोललो. सातबाराही स्वतः वाचला. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे होते.

राजूरला खाणीत मी एकतीस वर्षे कोळशाचे नमुने फोडले. तिथे दुसरी प्रत म्हणजे पहिलीच्या खालची, पण चांगली. जमिनीचेही तसेच असेल असे मी धरले. माझी पत्नी मथुराबाई शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, “आवो, दोन नंबरचा माल काहून घेऊन राह्यले?”

मी हसलो. “तुले काय समजते? दोन नंबरच्या कोळशाले ट्रकची लाइन लागते.”

वर्ग दोन म्हणजे सरकारने अटीवर दिलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ती परवानगी कोणी घेतलीच नव्हती. हे मला गेल्या वर्षी शर्तभंगाची नोटीस आल्यावर कळले. इमारत सरकारजमा होऊ शकते. सुनावणीला पुढची तारीख मिळते.

२. विकणारे बाबाराव यांनी काही लपवले नाही. कागद माझ्यासमोर होता. त्यांच्यावर राग धरता येत नाही, याचाच राग आहे.

३. मुलगा रोशन पुण्याहून फोनवर म्हणतो, “बाबा, विकून टाका ना. कायले ठेवता?” नागपूरचे एक गिऱ्हाईक आले होते. इमारत आवडली म्हणाले. सातबारा पाहून चहा न घेता गेले. हातोडा रोशनला द्यावा. त्याने भिंत कळते, एवढेच.

४. मुलगी मैत्रेयी आईला घाटंजीला न्यायला तयार आहे. मथुराबाई म्हणते, “लेकीच्या घरी चार दिवस बरे. मले इथंच राहू द्या.”

५. म्हणून संपूर्ण इमारत मी मथुराबाईला देतो. इमारत माझी ठरली तर. तळमजल्यावरच्या आमच्या राहत्या घरातून तिला हयातीत कोणी उठवू नये. हे कलम मी चार वेळा लिहिले. मुले तिला उठवणार नाहीत. ज्यांना उठवता येईल, ते माझे वारस नाहीत आणि हे मृत्युपत्र त्यांच्यावर बंधनकारक नाही, असे वकिलांनी सांगितले. तरी कलम राहू द्यावे.

वाचून पाहून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

धर्मपाल सखाराम नगराळे

साक्षीदार:
१. भीमराज पाझारे, शेजारी
२. पंचफुला ताकसांडे, निवृत्त परिचारिका

वणी, जि. यवतमाळ
दि. ९ जानेवारी २०२५