उजव्या स्टिअरिंगची जीप

वेंडेल,

जपानहून आणलेली तुझी जुनी जीप तू दलालाला विकलीस ना? ती मीच घेतली. घटस्फोटाच्या वेळी मागितली, तर हसलास. "लोर्ना, स्टिअरिंग उजवीकडे आहे तिचं. अमेरिकेत सगळ्या गाड्यांचं डावीकडे असतं; इथे मोंटानात असलं ध्यान कोण चालवतं? तुला झेपणार आहे का?"

अरे शहाण्या, गावोगाव टपाल वाटणाऱ्या बाईला उजवीकडचंच स्टिअरिंग हवं! घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेलाच असतात. खिडकीतून नुसता हात काढते. गुडघाभर बर्फातही जीप अडत नाही.

रोज तुझ्याही पेटीशी थांबते. पडद्याआडून बघतोस, दिसतं मला. बघ, पोटभर बघ!

हे पत्र मात्र तुला मिळणार नाही. तुझ्यावर तिकीट वाया घालवायचं नाही, आणि बिनतिकिटाचं टपाल मी कुणाच्याच पेटीत टाकत नाही.

तुझी टपालवाली, एवढंच,
लोर्ना