जाळीआडची सही

मी, पुष्पावती, कैलासवासी सुब्बराव रंगारी यांची मुलगी, मठातले नाव सिस्टर मारिया, वय वर्षे चौतीस, राहणार कार्मेल पंथाचा मठ, म्हैसूर, हा कागद माझ्या खुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. पाय कधीच ठिकाणावर नसतात, पण त्याने कागद खोटा ठरत नाही, असे वकील हयग्रीवराव म्हणतात. आजार काही नाही. काल विहिरीतून अकरा घागरी ओढल्या.

मग मृत्युपत्र कशाला? आमच्या पंथाचा नियम आहे. अखेरच्या शपथेआधी साठ दिवसांत आपले म्हणून जे काही असेल ते वाटून टाकावे लागते. शपथेनंतर पायातली दोरीची चप्पलही आपली राहत नाही. माझी शपथ शनिवारी आहे. आज बुधवार. सत्तावन्न दिवस मी टाळाटाळ केली, आणि आताही दोन ओळी लिहिल्या की उठून खिडकीपर्यंत जाऊन येते.

वकिलांनी विचारले, तुम्हाला मृत कधीपासून धरायचे? प्रश्न सोपा नाही. सरकारच्या दृष्टीने मी डॉक्टर लिहून देईपर्यंत जिवंत. मठाच्या दृष्टीने शनिवारी जगाला मेले. त्या दिवशी आडवे झोपवून अंगावर काळे कापड घालतात. आणि आमच्या घरी मी सात वर्षांपूर्वीच मेले. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी माझी आई अंबाबाई हिने डोक्यावरून पाणी घेतले आणि गल्लीत सांगितले, मुलगी गेली. आईने एकदा तरी मला जिवंत म्हणावे, एवढीच माझी इच्छा आहे. ती वाटून टाकता येत नाही.

कलम पहिले. रंगाऱ्यांच्या गल्लीतले घर वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिले. मेलेल्या मुलीच्या नावावरच्या त्या घरात आई खुशाल राहते, याचे मला हसू येते आणि वाईटही वाटते. ताबा शनिवारपासून आणि मालकी माझ्या मरणानंतर तिला द्यावी. ती घेईना किंवा कायद्याने तिला घेता येईना, तर त्याच अटींवर घर नर्मदाबाईस द्यावे. मात्र आईला तिथून कोणी उठवायचे नाही. नर्मदाबाई आमच्या मागच्या खोलीत राहते, वडिलांच्या हाताखाली तिने बावीस वर्षे रंगाची कढई ढवळली. आईचे आणि तिचे पाण्याच्या हंड्यावरून भांडण झाले, तेव्हापासून बोलणे नाही.

कलम दुसरे. तांब्याच्या दोन कढया आणि छपाईचे सागवानी ठसे नर्मदाबाईस. आंब्याच्या कोयरीचा ठसा एका बाजूला झिजला आहे, तो उजवीकडे किंचित दाबून मारावा. हे तिला ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कलम तिसरे. थोरला भाऊ गुरुराव, पिरियापट्टणला तंबाखूच्या व्यापारात असतो. मी तेराव्या वर्षी विधवा झाले तेव्हा 'हिला कढईजवळ बसू देऊ नका, रंग फाटेल' असे तो म्हणाला होता. रंग फाटला नाही. त्याला वडिलांची पगडी द्यावी. डोक्याला मोठी होईल.

कलम चौथे. मठास कापडाच्या तपकिरी रंगाची कृती. आधी हिरड्याचे पाणी, मग कात, शेवटी लोखंडाच्या पाण्याचा हलका हात. या रंगानेच मला इथे आणले. मठाचे कापड आमच्याकडे रंगायला येई. पोचवायला मी जाई. भिंतीत एक फिरते लाकडी पिंप आहे. वस्तू त्यात ठेवायची, पलीकडून ते फिरते, माणूस दिसत नाही. एकदा कापड तांबूस उतरले. मी घाबरत सांगितले. पलीकडून आवाज आला, "अनवाणी बायकांना कसला आलाय रंगाचा थाट? पण एकवीसही जणींचा सारखा असू दे." एका मठात एकवीसच जणी, हे मला तेव्हा कळले. मग मी प्रत्येक खेपेला एक प्रश्न विचारू लागले.

या पंथाचे मूळ पॅलेस्टाइनात कार्मेल डोंगरावर आहे. तिथे झऱ्याकाठी गुहांत बैरागी राहत. पुढे ते युरोपात गेले, हळूहळू सैल पडले. साडेतीनशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या तेरेसा नावाच्या बाईने मठ पुन्हा कडक केले: पेंढ्याची गादी, पायात फक्त दोरीची चप्पल म्हणून नाव 'अनवाणी', मांस वर्ज्य, दिवसाला दोन तास मौनात प्रार्थना, आणि गप्पांच्या तासालाही हात कामात. तिने खेचरांच्या गाडीतून हिंडून ठिकठिकाणी मठ उभे केले. पोपच्या दूताने तिला 'अस्वस्थ, भटकी बाई' म्हटले होते. हे ऐकले त्या दिवशी मी ठरवले की इथे आपला निभाव लागेल. अजून पुरता लागलेला नाही. प्रार्थनेत माझा गुडघा हलतो आणि शेजारच्या बाकाला कळते.

गुरुवार. कागद अडला. हयग्रीवराव म्हणतात, एका तरी साक्षीदाराने माझे तोंड पाहिलेले हवे. आमच्या जाळीला आतून काळा पडदा असतो. तो फक्त आईबाप आणि सख्ख्या भावंडांपुढे सरकतो. बाकीच्यांपुढे फटीतून हात काढायचा, तोही तोंडावर बुरखा घेऊन. बन्नूरहून मठाचे भात आणणारा चिदंबर साक्षीला तयार आहे, पण त्याला बुरख्यातून आलेला हातच दिसणार. मठातल्या भगिनींची साक्ष चालली असती, पण उद्या गुरुराव कोर्टात म्हणेल, मठाने लिहून घेतले. खुद्द गुरुरावाने कळवले, 'मला बहीण नाही.' आईला निरोप धाडला आहे. उत्तर नाही.

कलम पाचवे, शुक्रवार. दुपारी बाहेरून कोणी पिंप ठोठावले. द्वारपाल भगिनीने कन्नडमध्ये दोनदा विचारले, कोण आहे? मग आवाज आला, "पुष्पीची आई आहे मी. पडदा काढा म्हणावं."

पडदा सरकला. मी बुरखा वर केला. आई फार म्हातारी झाली आहे. ती जाळीशी आली आणि म्हणाली, "वाळलीस गे. अन्न घालतात का सुम्मनेच, नुसती प्रार्थना?"

जाळीकडे पाठ करून उभे असलेले हयग्रीवराव मध्ये पडले. "अम्मा, स्वल्प थांबा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष घातली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. तुम्ही निशाणी केलीत की घर नर्मदाबाईचं. गोत्तायिता, कळलं?"

"गोत्तायितु. कान आहेत मला."

मी म्हटले, "आई, राहू दे. परत जा. घर तुझ्याकडे राहू दे."

"तू बाहेर कधी येणार?"

"कधीच नाही."

"मग नर्मदीच्या घरात राहीन. हंडा तिनं आधी भरला तरी बोलणार नाही. साकु, पुरे झालं. कुठं करायची निशाणी?"

मी रडले. नियमात ते बसत नाही, पण मठाच्या प्रमुख मदर तोंड फिरवून उभ्या राहिल्या. हे लिहीत असताना आई जाळीपलीकडे बसली आहे आणि 'किती लिहितेस' असे विचारते आहे. माझा गुडघा आत्ता हलत नाही. वर लिहिलेले सर्व खरे आहे. खाडाखोड आहे ती माझ्याच हातची. आईचे शब्द हयग्रीवरावांनी लिहून घ्यायचे, एकही न सुधारता.

लिहून देणार: पुष्पावती सुब्बराव रंगारी, सही स्वहस्ते.

ठिकाण: कार्मेल मठ, म्हैसूर. तारीख ७ डिसेंबर १९२३.

साक्षीदार पहिला: चिदंबर, राहणार बन्नूर. हात पाहिला, सही करताना पाहिली.

साक्षीदार दुसरी: अंबाबाई, भ्रतार सुब्बराव रंगारी. लिहिता येत नाही, सहीऐवजी बांगडीची निशाणी. सांगते ऐसे की, "मी तोंड पाहिलं. ही माझी पुष्पी. जिवंत आहे."