बहरामच्या गाडीचा ओरखडा

३ मार्च
सुनेला डोळे आहेत की बटणं? बहरामच्या पांढऱ्या गाडीच्या बंपरवर वीतभर ओरखडा! पोरगा रशियात कामाला गेल्याला तीन वर्षं झाली. गाडी द्राक्षांच्या मांडवाखाली होती तशी उभी, दर शुक्रवारी मी पुसते. चावी माझ्या कमरेला, तरी हे काम झुम्रदचंच. ओरखड्यात निळा रंग दिसतो. अंगणात निळी वस्तू एकच, माझी हातगाडी. म्हणजे झुम्रदने माझी हातगाडी ढकलली. मी वीस वर्षं ढकलतेय, कशाला कधी लागली नाही. कोंबडी मेली ती वेगळी गोष्ट.

नवरोजला, एकवीस तारखेला, बहराम येणार. फोनवर "बघू, आई" म्हणाला. माझा मुलगा बघू म्हणाला म्हणजे येतोच. ठेवली तशी गाडी दिसली पाहिजे त्याला. गाडी इथे आहे तोवर तो इथलाच.

४ मार्च
शेजारचा कोबिल उस्ता गाड्या दुरुस्त करतो. म्हणाला, खाला, बंपर उतरवा, घासा, पुट्टी भरा, प्रायमर मारा, मग स्प्रे. नाहीतर द्या, मी करतो. मी म्हटलं, चाळीस वर्षं तंदूर लिंपतेय, प्लास्टिकच्या पट्टीसाठी तुझे पाय धरू?
ठरलं. स्वतः करायचं. तीन दिवसांत.

६ मार्च
तंदुरातली राख आणि विटेचा तुकडा घेऊन घासला. ओरखडा गेला. त्या जागी हातभर खरखरीत डाग आलाय, पण ओरखडा गेला.

१० मार्च
बंपर उतरवला. स्क्रू शोधत बसायला वेळ कोणाला, ओढला. पाच क्लिपा तुटल्या. कच्च्याच होत्या. झुम्रद म्हणाली, आई, आधी खालचे बोल्ट काढायचे असतात. हिला कसं ठाऊक? लायसन्स काढलंय बाईने. रेशमाच्या कारखान्यात गाडीने जायचंय म्हणे. मी म्हटलं, बस मेलीय का?

१४ मार्च
नवरोजसाठी झाडांच्या बुंध्यांना द्यायला चुना कालवला होता. पांढरं ते पांढरं. बंपरला दोन हात दिले, तारेने बांधून टाकला. लांबून नवा.
कोबिल भिंतीवरून म्हणाला, बरं केलंत खाला, आता गाडीला कीड लागायची नाही. बायको सोडून गेली त्याला, उगाच नाही.

१७ मार्च, सकाळी
पाऊस. चुना गाडीखाली. झाडांचाही धुऊन गेला. चुनाच खराब.

१९ मार्च
झुम्रदने दोन दिवस रजा काढली. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, स्प्रे. क्लिपाही नव्या. ओरखडा कुठे होता सांगता येत नाही. निम्मं काम मीच करून ठेवलं होतं. आणि इतकं मन लावून केलं म्हणजे दोष हिचाच.

२१ मार्च
गव्हाच्या अंकुरांच्या सुमलकची कढई उतरवली. बहरामची वाटी मांडली. दुपारी त्याचा फोन आला, चेहऱ्यासकट. मी झुम्रदला म्हटलं, आधी बंपर दाखव त्याला.
तो म्हणाला, आई, गाडी झुम्रदला देऊन टाकलीय. कागद मागच्या थंडीतच पाठवले. मी आता इथंच राहणार.
त्याच्या मागे तान्हं मूल रडत होतं. तिकडे टीव्ही फार मोठ्याने लावतात.
झुम्रदला विचारलं, कागद आले तेव्हा तोंड शिवलं होतं का? म्हणाली, तुम्ही दर शुक्रवारी गाडी पुसायचात, आई. कशी बोलू?

२२ मार्च
चावी खिळ्याला अडकवली. कमरेला टोचते. झुम्रद गाडी घेऊन गेली, फाटकाला नखभरही घासली नाही.
मी हातगाडी बाहेर काढली. मांडवाखाली वळवायला आता जागाच जागा. तिच्या कडेचा निळा रंग एके ठिकाणी उडालाय. तिथे हात धरून पाहिला. बंपरचीच उंची.
झाडांना पुन्हा चुना द्यायचाय. फोन वाजला तर झुम्रदनेच उचलायचा. आईचे हात चुन्याचे आहेत म्हणून सांगायचं.