करंगळीला सुट्टी

३ जून
करंगळी वाकत नाही म्हणजे नाही! टाके निघून दीड महिना झाला. गाडीच्या दारात चेंगरली तीही नेमकी उजवी. आणि ‘च’, ‘ट’, ‘ज’, एंटर, खोडायचं बटण — सगळं तिच्याच गळ्यात. दुपारपर्यंत कोपरापर्यंत कळ जाते. साहेब म्हणाले, जावक विभागात जागा आहे, पाकिटं चिकटवा, हाताला आराम पडेल. बावीस वर्षं टायपिंग केलं ते पाकिटं चिकटवायला? जाणार नाही!

५ जून
कीबोर्डची मांडणी आपल्याला हवी तशी बदलता येते म्हणे. नवऱ्याला सांगितलं तर ‘तुझं आपलं काहीतरीच.’ मग स्वतःच शोधलं. छोटासा प्रोग्राम आहे, कुठल्या बटणावर काय ते आपण सांगायचं. ‘च’ डाव्या हाताकडे आणला, तिथला ‘ौ’ करंगळीकडे धाडला — त्याचं येणंजाणं तसंही कमीच. एंटर कॅप्सलॉकच्या जागी. ते बटण आजवर फक्त चुकून दाबलं गेलंय. ‘ट’, ‘ज’ आणि खोडायच्या बटणाचीही अशीच सोय लावली.

६ जून
‘चौकशी’ टाइप केली, उमटलं ‘ौचकशी’. बोटं जुन्याच वाटेने जातात. जाऊ देत, वळवीन.

१० जून
संगणकवाल्याने सगळं पुसून टाकलं. नियमात बसत नाही म्हणे! मी परत घातलं. त्याने परत पुसलं. मी परत घातलं. शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाई, तीस वर्षं नोकरी झालेल्या, सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सगळ्यांना एक आणि हिलाच वेगळं का?” फार लागलं. टाइप करत राहिले.

शेवटी साहेबांनी अट घातली. सत्तावीसला दहा मिनिटांची परीक्षा, मिनिटाला चाळीस शब्द. जमलं तर मांडणी माझी, नाहीतर पाकिटं.

१९ जून
छत्तीस.

२७ जून
त्रेचाळीस! साहेबांनी दोनदा मोजले. संगणकवाला खिडकीबाहेर बघत होता. हात जराही दुखला नाही. घरी येऊन मनसोक्त रडले.

१ जुलै
परिपत्रक आलं. वेग वाढतो असं सिद्ध झाल्यामुळे आजपासून सर्वांनी माझीच मांडणी वापरायची! संगणकवाल्याने सकाळीच सगळ्या मशीनवर चढवली. मोठ्या बाई दिवसभर ‘च’ शोधत होत्या. चार वाजले तरी पत्र अर्धंच. चष्मा काढून माझ्याकडे वळल्या.

“माझी बोटं धड आहेत गं. त्यांना कसली शिक्षा?”

विरोधाचा अर्ज मीच टाइप केला. माझ्या मांडणीवर, सात मिनिटांत. पहिली सही माझी.