अकरा अत्तरदाण्या आणि एक सोयरीक

यवतमाळ, १२ मे १९५८

आदरणीय पुंडलिकराव यांस सदाशिवचा वाकून नमस्कार.

आर्णीत सगळे मजेत असाल, वहिनींची कंबर आता वाकू देत असेल, अशी आशा. तुमची बहीण ठणठणीत आहे, हे तिच्या आवाजावरून आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. बिघडलंय ते माझंच.

माझा जुन्या चांदीच्या अत्तरदाण्यांचा नाद तुम्ही जाणताच. बावीस वर्षं मास्तरकी केली, ना विडी ना पत्ते. अकरा डब्या तेवढ्या जमवल्या. (एवढी हौस तर देवालाही माफ असावी.) पण लग्नसराई आली की सारं गाव माझं नातलग होतं. "मास्तर, एक दाणी द्या नं, वऱ्हाडाले अत्तर लावाले!" नाही कसं म्हणावं? केळापूरच्या लग्नातून मोरवाली डबी झाकणाविना परत आली, तेव्हापासून डबीसोबत मी स्वतःच जातो. डबी दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नाही, म्हणून अत्तरही मीच लावत फिरतो.

मागच्या महिन्यात पांढरकवड्याला असाच बाह्या सारून तीनशे मनगटं केली. एक जाडजूड गृहस्थ दोनदा आले, हात हुंगला अन् म्हणाले, "मोठा हलका हात आहे गड्या तुहा! कोन्या गावचा अत्तरवाला तू?" मी (मूर्खच!) खुलासा करायचा सोडून डबीवर उमटलेला त्यांचा अंगठा पुसत बसलो.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी आमच्या कुसुमला पाहायला तुमच्या गावचे उकंडराव मुलाला घेऊन आले. दार मी उघडलं. तेच गृहस्थ! त्यांनी मला पाहिलं, कपाटातल्या डब्या पाहिल्या, आणि पोह्यांचा असा ठसका लागला की बोलणंच खुंटलं. "कळवतो," म्हणून गेले. तेव्हापासून ब्र नाही. पोरीला मुलगा आवडलाय हो. ती बोलत नाही, पण वरणात दोनदा मीठ विसरली. तुमची बहीण म्हणते, "आता त्या डब्यांचंच लग्न लावा!" खरं सांगतो, मला घास गोड लागत नाही. माझ्या हौसेपायी लेकीचं जमता जमता मोडलं, तर तिला तोंड कसं दाखवू?

थोरांच्या पाया पडतो, पोरासोरांचे गालगुच्चे घेतो.

आपला,
सदाशिव

ता.क. खरं काम हे: उकंडरावांना भेटून सांगा की हा माणूस अत्तरवाला नाही, शाळामास्तर आहे. नाद सोडल्याची शपथ मी देवघरात घेतली आहे. अकराही डब्या आर्णीच्या मोटारीवरच्या मुख्तार ड्रायव्हरबरोबर पेटीतून पाठवतोय, सांभाळा.

ता.क. २. मोहिउद्दीन अत्तरवाला मासोळीच्या घाटाची एक चांदीची अत्तरदाणी द्यायला कबूल झालाय. शेपटी हलते हो तिची! तुमच्या पत्त्यावर मागवली आहे. बहिणीला बोलू नका.

ता.क. ३. दादा, मी रुक्मा. पत्र टपालात टाकाले यायनं माह्याजवळच देल्लं, म्हणून वाचलं. उकंडरावचं कार्ड शुक्रवारीच आलं. पोरगी पसंत आहे. मास्तरले अत्तरवाला म्हटलं म्हणून बिचारा माफी मांगून राह्यला. कुसुमले सांगितलं, मास्तरले नाही. चार दिवस डब्यांबिगर काढू दे. अन् ते मासोळी आली की मुकाट्यानं माह्याकडे धाडा. पोरीच्या रुखवतात ठेवाची आहे.